दहा मिनिटे पुढे

सहा तारखेला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी संगणकाच्या पडद्यावर चौतीस हा आकडा उमटला. तो चोवीस असायला हवा होता.

ही चाचणी आम्ही दर सहा महिन्यांनी एका सशावर करत असू. सशाला ‘निमील’ या औषधाची भूल द्यायची, त्याच्या मेंदूचे चित्र घ्यायचे आणि आकडा तीसच्या खाली आहे याची खात्री करून कागदावर सही करायची. तीन वर्षांत सहा वेळा मी अशी सही केली होती. सातव्या वेळी पेन उघडून हातात धरलेले होते, ते मी पुन्हा मिटले.

निमीलविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. पूर्वीच्या भूलऔषधांचा एक दोष असा की ती मेंदूबरोबर हृदयालाही मंद करत. तरुण माणसाला ते सोसे; दुबळ्या हृदयाच्या माणसाला सोसत नसे. निमीलने हा पेच सोडवला होता. ते मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या आज्ञा वाटेतच अडवते, वेदनेने हृदयाची गती वाढवणारी यंत्रणा शांत ठेवते आणि नव्या आठवणी साठवू देत नाही. रुग्ण निश्चल पडून राहतो, रक्तदाबाची रेषा सरळ राहते आणि जागा झाल्यावर तो म्हणतो, काहीच कळले नाही. शस्त्रक्रियांसाठी ते आले आणि वर्षभरात अतिदक्षता विभागांतही पोचले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना आठवडा-आठवडा त्याच्यावर ठेवू लागले.

मात्र येथे एक शंका उभी राहते, आणि ती मीच सर्वांत आधी लेखी मांडली होती. माणूस शुद्धीवर आहे हे आपण कशावरून ओळखतो? तो हलतो, त्याची नाडी वाढते, किंवा नंतर तो सांगतो. निमील या तिन्ही वाटा बंद करते. मग आत जाणीव शिल्लक आहे की नाही, हे कसे ठरवायचे?

त्याचे उत्तर ‘जागर’ने दिले. जागर हा किरणोत्सारी ट्रेसर आहे, म्हणजे शरीरात सोडलेला एक खबऱ्या. मेंदूचे दूरदूरचे भाग एकमेकांशी संवाद करत असतात तेव्हाच उघडणाऱ्या काही जागांवर तो जाऊन चिकटतो. त्याच्या रेणूत कार्बन-अकरा हा अणू बसवलेला असतो. तो फुटताना जो किरण बाहेर पडतो, तो स्कॅनर टिपतो. जितका जागर चिकटलेला, तितकी जाणीव जागी. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेने जुन्या, खात्रीच्या भूलऔषधांवर मोजून सीमारेषा ठरवली होती: तीसच्या खाली जाणीव नाही, तीसच्या वर आहे. साताऱ्याबाहेरच्या पठारावर असलेल्या आमच्या संस्थेत बेचाळीस सशांवर निमील तपासले गेले. सरासरी आली चोवीस. त्या अहवालाच्या पहिल्या पानावर नाव आहे: डॉ. रेवती निगुडकर. म्हणजे मी.

चौतीस पाहून मी घाबरले नाही. एखादा आकडा चुकीचा येण्याची शंभर कारणे असतात आणि त्यातली नव्व्याण्णव कंटाळवाणी असतात. जागरची शुद्धता पाहिली, ठीक होती. मात्रा मोजणारे यंत्र तपासले, ठीक होते. सशाचे वजन पुन्हा केले. मग नोंदवही उघडली. वहीतली जागरच्या इंजेक्शनची वेळ दहा तीस, स्कॅनरने स्वतः नोंदवलेली स्कॅनची वेळ अकरा दहा. मध्ये चाळीस मिनिटे. कार्यपद्धतीत चाळीसच लिहिलेली आहेत.

केवळ तुलनेसाठी मागच्या खेपेचे पान उलटले. दहा चाळीस आणि अकरा दहा. तीस मिनिटे. त्याच्या मागचे पान: तीस. बेचाळीस सशांची जुनी वही कपाटातून काढली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, प्रत्येक ओळीत, तीस. दोन वेळांची वजाबाकी संगणक करतो. म्हणून ती माणसे करत नाहीत. तपासनीस आले ते सह्या पाहून गेले.

मी इंजेक्शनच्या खोलीत गेले. तेथे मनगटी घड्याळ, अंगठी, मोबाइल यांपैकी काहीही न्यायला मनाई आहे, कारण किरणोत्सारी थेंब उडाला तर तो अशा वस्तूंवर बसतो आणि घरी जातो. त्यामुळे त्या खोलीत वेळ सांगणारी एकच वस्तू आहे: समोरच्या भिंतीवरचे गोल घड्याळ. माझ्या हातात सिरिंज असते. मी ‘दिले’ म्हणते आणि प्राणिगृहाचे अटेंडंट हणमंत शेडगे भिंतीकडे पाहून वहीत वेळ लिहितात.

शेडगे पिंजऱ्यांतली पाण्याची भांडी बदलत होते.

“हणमंतराव, त्या घड्याळाला कुणी हात लावला?”

“मीच की. एक तारखेला. बस बंद झाली न्हवं? आता फोन केला की गाडी येतीया. मग उगं पुढं कशाला ठेवायचं?”

“किती पुढं होतं?”

“धा मिन्टं.” ते हसले. “तुमाला ठावं न्हवतं व्हय? पावन्यांना तुमीच सांगायचा की, आमच्याकडं काळ पुढं चालतो म्हणून.”

खरे होते. संस्थेची बस पाच वाजून दहा मिनिटांनी सुटे आणि ड्रायव्हर कोणासाठीही थांबत नसे. चुकली की पठार उतरून सहा किलोमीटर चालणे आले. म्हणून प्राणिगृहातले घड्याळ सात वर्षे दहा मिनिटे पुढे होते आणि हे सर्वांना माहीत होते. सर्वांना माहीत असलेली गोष्ट कोणी कोणाला सांगत नाही.

“वहीत वेळ लिहिताना तुम्ही दहा मिनिटं वजा करत होतात ना?”

शेडगेंनी पाण्याचे भांडे खाली ठेवले.

“तुमीच म्हणला हुता, मॅडम. घड्याळात दिसंल त्येच लिवायचं. मनानं कायबी घालायचं न्हाई.”

मी तसे म्हटले होते. त्यांच्या पहिल्याच दिवशी, थोड्या कठोर आवाजात.

खुर्चीत बसून मी हिशेब मांडला. कार्बन-अकरा दर वीस मिनिटांनी निम्मा उरतो. चाळीस मिनिटांनी स्कॅन घेतला तर मूळचा चौथा हिस्सा शिल्लक असतो. म्हणून मोजलेल्या आकड्याला चारने गुणून मूळ आकडा काढतात. पूर्वीच्या सगळ्या चाचण्यांत प्रत्यक्षात चाळीस मिनिटे गेली होती, पण संगणकाला वाटत होते की तीसच गेली आहेत, म्हणून तो पावणेतीनपेक्षा किंचित जास्त पटीने गुणत होता. मेंदूच्या दोन भागांचे गुणोत्तर घेतले असते तर ही चूक आपोआप कटली असती. पण निमील सबंध मेंदूवर काम करते, तुलनेसाठी अस्पर्श भाग उरत नाही, म्हणून आम्ही निव्वळ आकडा घेत होतो. चौतीसला दोनच्या वर्गमुळाने भागा. उत्तर येते चोवीस.

पुरावा म्हणून आणखी एक वस्तू सापडली. निमीलचे काम पूर्ण झाले त्या दिवशी त्याच खोलीच्या दारातून काढलेला एक फोटो. पेढ्याचा बॉक्स हातात धरून सगळे हसताहेत, मागे भिंतीवरचे घड्याळ तीन एक्कावन्न दाखवते आहे. फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ: तीन एक्केचाळीस.

जुने सगळे आकडे दुरुस्त केले; एकही तीसच्या खाली राहिला नाही. बेचाळीसच्या बेचाळीस ससे जागे होते. चाचणीचा भाग म्हणून त्यांच्या पंजांना ठरावीक दाबाचा चिमटा लावला जाई, तोही त्यांना कळत होता. निमीलखालचा प्रत्येक रुग्णही जागा होता आणि आहे. हलू शकत नाही, कण्हू शकत नाही, आणि नंतर विसरतो.

त्या दिवशी, त्या वेळी, तेथून अकरा किलोमीटरवरच्या रुग्णालयात माझा नवरा मकरंद निमीलखाली होता. सहावा दिवस.

*

मकरंद भूमिअभिलेख खात्यात भूमापक आहे. लोकांच्या बांधांचे तंटे मोजपट्टीने मिटवणे हे त्याचे काम, आणि बसल्या जागी पाय हलवणे हा त्याचा छंद. जेवताना, पेपर वाचताना, नाटकाला खुर्चीत बसल्यावर त्याचा उजवा पाय सतत हलत असतो. ‘पाय हलवू नकोस’ हे वाक्य मी एकवीस वर्षांच्या संसारात किती वेळा उच्चारले असेल, याची नोंद ठेवायला हवी होती.

तीस तारखेला त्याला न्यूमोनियाने गाठले. हृदय आधीच दुबळे. दुसऱ्याच दिवशी व्हेंटिलेटर लावायची वेळ आली, तेव्हा तेथले भूलतज्ज्ञ डॉ. तांबोळी मला बाहेर भेटले होते. चाळिशीच्या आतला, नम्र, झोप न झालेला माणूस.

“मॅडम, निमीलवर ठेवू या का? जुन्या औषधांवर यांचं प्रेशर टिकेल असं वाटत नाही.”

“निमीलच द्या,” मी म्हणाले होते. “ते मी स्वतः तपासलंय.”

मकरंदने मास्कआडून माझ्याकडे पाहिले होते. नळी घालण्याआधीचे त्याचे शेवटचे वाक्य असे: “तू तपासलंयस ना? मग झालं.”

सहा तारखेला दुपारी मी रुग्णालयात गेले. मकरंद उताणा होता. डोळ्यांवर चिकटपट्टी, तोंडात नळी, चादर सरळ. उजवा पाय अगदी स्थिर. त्या स्थिर पायाकडे पाहत मी उभी राहिले आणि त्याला कोणीतरी आत कोंडून कडी लावली आहे असे मला वाटले. कडी बाहेरून लावलेली होती, आणि ती लावणारा हात माझा होता.

“डॉक्टर, समजा निमील बंद करावं लागलं तर?”

“आत्ता?” तांबोळी दचकले. “फुप्फुस सुधारायला लागलंय, मॅडम. पाच दिवस द्या मला. आत्ता बंद केलं तर जुन्या औषधांवर जावं लागेल, आणि दहातले सहा पेशंट त्या बदलात हातचे जातात. यांचं हृदय बघता सहाचे सात म्हणा. का हो? काही ऐकलंत का?”

“सहज विचारलं.”

“सहज असलं काही विचारू नका हो. माझंच प्रेशर वाढतं.”

त्यांना सांगता येत नव्हते. सांगितले असते तर कायद्याने तासाभरात त्यांना ते वर कळवावे लागले असते. आणि वर कळवले की काय होते, हे मला ठाऊक होते. औषध देणारे सगळे पंप आता केंद्रीय सुरक्षा कक्षाशी जोडलेले आहेत. एखाद्या भूलऔषधाचे प्रमाणपत्र निलंबित झाले की तासाभरात देशातला प्रत्येक पंप ते औषध नाकारतो. कोणाची विनंती चालत नाही, कोणाची सही चालत नाही. व्यवस्था उत्तम आहे. ती अशीच असायला हवी.

म्हणजे मी अहवाल पाठवला की तासाभरात मकरंदचा पंप थांबणार. दहातले सात.

नाही पाठवला तर? देशात निमीलखाली रोज सुमारे अकराशे शस्त्रक्रिया होतात. पाच दिवस गुणिले अकराशे. शिवाय अतिदक्षता विभागांतले चारशे जण, चोवीस तास. आणि त्यांत मकरंदही. कारण पंप चालू ठेवणे म्हणजे त्याला वाचवणे, आणि पंप चालू ठेवणे म्हणजेच त्याला आत कोंडून ठेवणे. नळी, सुया, दर तासाला नळीतून केले जाणारे शोषण, कुशीवर वळवणे. हे सगळे त्याला पाच दिवस कळत राहणार, आणि नंतर त्याला त्यातले काहीही आठवणार नव्हते.

न आठवणारी वेदना ही वेदना असते का? एका परिषदेत कोणीतरी मला हे विचारले होते. “हा प्रश्न पलीकडच्या इमारतीत, तत्त्वज्ञान विभागात विचारा,” असे मी म्हणाले होते आणि सभागृह हसले होते.

*

सात तारखेला सकाळी मी संस्थेच्या नोंदीत एक टिपण लिहिले. एका प्राण्यावरील विसंगत निष्कर्ष पुरेसा नाही. दुरुस्त वेळेसह सहा सशांवर चाचणी पुन्हा करावी. रोज दोन ससे शक्य. उपकरणांची पडताळणी धरून पाच दिवस. जगातल्या कोणत्याही परीक्षकाने या टिपणाचे कौतुक केले असते. ‘आणखी पुरावा हवा’ हे वाक्य मी पंचवीस वर्षे लिहीत आले आहे. ते खोटे लिहिण्याची ही पहिली वेळ होती.

शेडगे ससा कापडात गुंडाळून घेऊन आले. डोके आणि कान तेवढे बाहेर. ते धनगराच्या घरातले. लहानपण मेंढरांमागे गेलेले. सशाला सुई टोचण्याआधी त्याच्या कानामागे अंगठा ठेवून ते घशातल्या घशात आवाज काढत: हाऽ, हाऽ, गं बाय, हाऽ. भूल चढल्यावरही ते थांबत नसत. यावरून आम्ही त्यांची पुष्कळ चेष्टा करत असू.

“झोपलेल्याशी काय बोलता, हणमंतराव?” असे मी एकदा म्हटले होते.

“झोपलंय त्ये तुमच्या कागदावर,” ते म्हणाले होते. मी ते विनोदात जमा केले होते.

त्या सकाळी तो आवाज ऐकताना मला एक गोष्ट सुचली. जागरच्या चित्रात मेंदूतले भयकेंद्रही वेगळे दिसते. आजवर ते कोणी मोजले नव्हते, कारण झोपलेल्याला भय नसते.

“हणमंतराव, यातल्या तीन सशांशी तुम्ही सबंध वेळ बोलत राहायचं. उरलेल्या तिघांशी नाही.”

“न्हाई म्हंजे?”

“एक अक्षर नाही. हातही लावायचा नाही.”

त्यांनी सशाकडे पाहिले. “का पण?”

“फरक पडतो का ते कळायला.”

“फरक पडतो,” ते म्हणाले. “त्याला मोजायला कशाला पायजे?”

तरी त्यांनी ऐकले. मुक्या गटातला पहिला ससा टेबलावर होता, तेव्हा ते खोलीबाहेर जाऊन पाठ करून उभे राहिले.

*

त्या दुपारपासून मी मकरंदच्या उशाशी बसून पेपर वाचू लागले. तो पेपर शेवटच्या पानापासून वाचतो, म्हणून मीही तसाच वाचला: आधी खेळ, मग बाजारभाव, जाहीर नोटिसा, अग्रलेख सर्वांत शेवटी. जाहीर नोटिसा त्याला प्रिय. ‘सदर मिळकतीच्या पूर्वेस ओढा’ असे वाक्य आले की तो म्हणायचा, ओढा सरकतो, कागद सरकत नाही. इथेच भांडण आहे. मी ते वाक्य वाचून थोडा वेळ थांबत असे. त्याच्या उत्तरापुरता.

“तेवढ्यापुरतं ऐकू येत असेल का त्यांना, असं वाटतं नातेवाइकांना,” तांबोळी एकदा जाताजाता म्हणाले. “तुम्ही तर मॅडम, जास्त जाणता. भेटायला अर्ध्या तासाचा नियम आहे, पण तुम्हाला कोण अडवणार? बसा.”

“माझ्या समाधानासाठी,” मी म्हणाले.

शेजारच्या खाटेवर एक वृद्ध बाई होत्या. निमीलखालीच. मुलगा परगावी, कोणी येत नसे. नर्स त्यांची कूस बदलताना आपसांत सुट्ट्यांविषयी बोलत. मी वाचण्याचा आवाज थोडा मोठा ठेवला. त्या पाच दिवसांत मी दुसऱ्या कोणासाठी जे केले, ते एवढेच.

एकदा नर्स नळीतून शोषण करायला आली. यंत्राचा घरघर आवाज झाला. पडद्यावर नाडी बहात्तर होती, बहात्तरच राहिली. मकरंदच्या चेहऱ्यावर काहीही नव्हते. ‘बघा, किती शांत आहेत,’ असे ती कौतुकाने म्हणाली. मी त्याचा हात धरला होता. त्या हाताने माझा हात दाबला असता तर मी त्याच क्षणी सगळे सांगून टाकले असते असे मला वाटते; पण हे म्हणणे सोपे आहे, कारण तो हात दाबू शकत नाही हे मीच सिद्ध केले होते.

*

सहा सशांचे काम नऊ तारखेलाच संपले. आकडे होते: तेहेतीस, चौतीस, छत्तीस, चौतीस, तेहेतीस, पस्तीस. भयकेंद्राचे आकडे अधिक बोलके होते. ज्यांच्याशी शेडगे बोलले, त्या तिघांची सरासरी अठरा. मुक्या तिघांची एक्केचाळीस. तीन विरुद्ध तीन. एवढ्यावर कोणी पैज लावू नये.

ते आकडे मी पुन्हा पुन्हा पाहत बसले. निमीलखाली असलेली जवळजवळ सगळी माणसे त्या क्षणी मुक्या गटात होती.

उरले होते दोन दिवस. दहा तारखेला मी मात्रा मोजण्याचे यंत्र पुन्हा पडताळले. ते ठीक होते हे मला सहा तारखेपासून माहीत होते.

अकरा तारखेला सकाळी साडेसातला मी प्राणिगृहात पोचले. शेडगे पिंजऱ्यांसमोर स्टुलावर बसले होते.

“मॅडम, एक इचारू?”

“विचारा.”

“पयल्याच सशाला समजत हुतं न्हवं? चौतीसवाल्या?”

“एका सशावरून काही सिद्ध होत नाही, हणमंतराव.”

“तुमाला झालं हुतं की. त्या दिशी तुमी खुर्चीत बसला त्ये अर्धा तास उठला न्हाई. साहेबांसाठी ना?”

मी पिंजऱ्याकडे वळले. एक ससा गाजराचा तुकडा कुरतडत होता.

“माझी बायकू असती तर मीबी त्येच केलं असतं,” शेडगे म्हणाले. “देवाशपथ. पर मी कागदावर असं लिवलं नसतं, की पुरावा पायजे म्हणून थांबलो.”

“घड्याळ तुम्ही पुढं केलं होतंत.” मला हे बोलायचे नव्हते; बोलून गेले.

“व्हय, केलं हुतं. बस चुकू नये म्हणून,” ते म्हणाले. “तसंच लिवा. माझं नाव घालून लिवा. मी सही करतो.”

त्यांनी खरोखरच सही केली. मोठ्या, सावकाश अक्षरांत.

नऊ वाजता रुग्णालयातून तांबोळींचा फोन आला. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता इतका आनंदी होता. “बंद केलं, मॅडम. एक्स-रे स्वच्छ आहे. इतक्या दिवसांचं औषध उतरायला चाळीस तास धरा, मग बोलतील तुमच्याशी.”

साडेनऊला मी अहवाल सुरक्षा कक्षाला पाठवला. बेचाळीस जुने ससे, सातवी नियमित चाचणी, सहा नवे ससे, फोटो, शेडगेंचा जबाब, हिशेब. आधीच निमीलखाली असलेल्यांशी औषध उतरेपर्यंत कोणीतरी सतत बोलत राहावे, ही शिफारस. प्रत्येक नोंदीसमोर तारीख आणि वेळ. त्यांतली एकही मी बदलली नाही. साडेदहाला देशातले पंप थांबले. त्या बदलात किती जण दगावले आणि पाच दिवस आधी थांबले असते तर किती दगावले असते, हे आकडे मी मागवले आहेत. अजून आलेले नाहीत.

शेजारच्या खाटेवरच्या बाई बारा तारखेला गेल्या.

*

मकरंद तेरा तारखेच्या पहाटे जागा झाला. सकाळी मी त्याला भेटले तेव्हा त्याचा आवाज खरखरीत होता, पण शब्द स्पष्ट होते.

“किती दिवस?”

“बारा.”

“काहीच कळलं नाही गं.” तो हसायचा प्रयत्न करत होता. “अशी झोप आयुष्यात लागली नव्हती. तू तपासलेलं औषध म्हणजे काय!”

चादरीखाली त्याचा उजवा पाय हलू लागला. तो हलणारा पाय मी बघत बसले.

सत्तावीस तारखेला तो घरी आला. निमीलची बातमी तोपर्यंत सगळीकडे झाली होती, पेपर त्याच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता. पहिल्या पानावर माझे नाव होते, आणि तो पेपर शेवटच्या पानापासून वाचत असल्यामुळे त्याला तेथवर यायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास मी स्वयंपाकघरात उभी होते.

“रेवती, तू पाठवलेला अहवाल आहे का घरी?”

मी आणून दिला. वीस वर्षे सात-बारा आणि नकाशे वाचलेला माणूस कागद कसा वाचतो, ते मला माहीत होते. मजकूर नव्हे, आधी समासातल्या तारखा. बोट वरून खाली सरकत गेले. गॅलरीतल्या खुर्चीत, पांघरुणाखाली, पाय हलत होता.

“म्हणजे मला कळत होतं.”

“हो.”

“सगळं?”

“आकड्यांवरून तरी, हो. मी पेपर वाचत होते तुझ्याजवळ. रोज. त्याने भय कमी होतं असं दिसतं. तीन विरुद्ध तीनच आहेत, पण...”

“जाहीर नोटिसापण?”

“त्याही.”

त्याने मान हलवली. बोट पुढे गेले आणि पुन्हा मागे आले.

“पहिला ससा सहा तारखेचा.”

“हो.”

“शेवटचा नऊ.”

“हो.”

“आणि मला अकराला काढलं. किती वाजता?”

“नऊ वाजता.”

त्याचे बोट शेवटच्या पानाच्या तळाशी, पाठवल्याच्या वेळेवर येऊन थांबले. नऊ तीस. मी काही सांगावे अशी त्याची अपेक्षा नव्हती. नकाशावर दोन बांध आणि मधली जागा दिसली की तो मालकाला काही विचारत नाही.

“वेळा बरोबर लिहिल्यास,” तो म्हणाला.

त्याने अहवाल मिटून मांडीवर ठेवला आणि समोर पाहू लागला. पांघरुणाखालचा पाय थांबला होता.